अकोल्याचं कृषी विद्यापीठ की नागपूरची कापूस संशोधन संस्था?

कपाशीचा विषय निघाला की विदर्भातल्या गावांत दोन नावं एकमेकांत मिसळतात: अकोल्याचं पीकेव्ही आणि नागपूरचं सीआयसीआर. गोंधळ होणारच. अकोल्यातही कापूस संशोधन चालतं, आणि नागपुरातलं १९०६ सालचं कृषी महाविद्यालय आज अकोल्याच्याच विद्यापीठाचा भाग आहे.

विद्यापीठ राज्याचं. विदर्भाला स्वतःचं कृषी विद्यापीठ हवं ही मागणी जोरात होती, आणि २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात ते उभं राहिलं. नाव दिलं देशाचे माजी कृषिमंत्री पंजाबराव देशमुखांचं. आधी ते नुसतं 'पंजाबराव कृषी विद्यापीठ' होतं, आता 'डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ' आहे. म्हणून जुन्या वाणांवर 'पीकेव्ही' दिसतं, नव्यांवर 'पीडीकेव्ही'. पीकेव्ही रजत कपाशी आणि पीडीकेव्ही अंबा सोयाबीन एकाच घरचे. विदर्भाचे अकराही जिल्हे आणि तिथली सगळी पिकं विद्यापीठाच्या वाट्याला आहेत: तूर, हरभरा, ज्वारी, संत्रा, पूर्वेकडचं धान. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राशी जोडलेल्या पीकेव्ही एचएमटी या धानाच्या वाणाचं मूळ मात्र नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत निवडलेल्या धानात आहे. हे श्रेय त्यांच्याच नावावर राहिलं पाहिजे. जनावरांचा प्रश्न या विद्यापीठाकडे नेऊ नका. पशुविज्ञानाचं वेगळं विद्यापीठ २००० साली नागपुरात निघालं.

सीआयसीआर, म्हणजे केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्राची. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ती १९७६ साली नागपुरात काढली. कोइंबतूर आणि सिरसा इथं तिची केंद्रं आहेत. पीक एकच, पण देश सगळा. तिथं बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळत नाही. बारावीनंतर पदवी हवी असेल त्यानं सीईटी देऊन कृषी विद्यापीठाचंच महाविद्यालय गाठावं.

खरी गफलत होते ती शिफारशी वाचताना. विद्यापीठाची शिफारस विदर्भातल्या चाचण्यांवर उभी असते आणि राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत मान्य होऊन बाहेर पडते. सीआयसीआरचं तंत्र अनेक राज्यांसाठी असतं, म्हणून ते आपल्या जमिनीवर ताडून पाहावं लागतं. सघन, म्हणजे दाट लागवडच घ्या. दोन ओळींत ९० आणि दोन झाडांत ६० सेंमी, अशा ९० बाय ६० वर एकरी साधारण ७,५०० झाडं बसतात, ९० बाय १५ वर जवळपास ३०,०००. हलक्या-मध्यम कोरडवाहू जमिनीत, बुटक्या आणि लवकर येणाऱ्या वाणावर हे जमतं. भारी काळ्या जमिनीत पसरणारा वाण याच अंतरावर लावला आणि वाढरोधकाची फवारणी चुकवली, की फांद्या एकमेकांत घुसतात, खाली ऊन पोचत नाही आणि पावसात खालची बोंडं सडतात. मग लोक तंत्राला नावं ठेवतात; चुकलेली असते जमीन आणि वाणाची निवड.

गुलाबी बोंडअळीबाबत मात्र दोघांचा सल्ला जवळपास एकच. एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ किंवा जास्त पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. सोबत फुलं बघा: पाकळ्या न उमलता गुलाबकळीसारख्या गुंडाळलेल्या दिसल्या तर ती डोमकळी. ती तोडून अळीसकट नष्ट करा.

मातीचा नमुना घेऊन थेट नागपूर किंवा अकोला गाठायची गरज नसते. आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र नाहीतर कृषी विभागाची प्रयोगशाळा पुरते. वर्ध्याचं सेलसुऱ्याचं केंद्र विद्यापीठाचं आहे. एकसारख्या जमिनीत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सेंमी खोल खड्डा घ्या, बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा, एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळा. खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरला तर अहवाल चुकलाच समजा.

बियाणं कुठल्याही संस्थेच्या वाणाचं घ्या, टॅग पाहून घ्या: पैदासकारचा पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा. संकरित कपाशीची सरकी पुढच्या वर्षी पेरू नका, झाडं सारखी येत नाहीत. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाची ठेवता येते. उगवण फसलीच तर तक्रारीला पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर शिल्लक बियाणं लागतं.