पहिला वार नाही, पण…

‘नो फर्स्ट यूज’चा, म्हणजे अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही या वचनाचा विषय निघाला की गाडी थेट पोखरणला जाते. पण हे वचन आधी दिलं ते चीनने. १६ ऑक्टोबर १९६४ ला लोप नूर इथे पहिली अणुचाचणी केली आणि त्याच दिवशी ‘आम्ही आधी वापरणार नाही’ असं जाहीरही करून टाकलं. भारताने १८ मे १९७४ च्या स्फोटाला ‘शांततामय’ म्हटलं. अस्त्रच नाही म्हटल्यावर ते कधी वापरणार, हा प्रश्नच नव्हता.

तो आला मे १९९८ मध्ये. ११ आणि १३ तारखेला मिळून पाच चाचण्या झाल्या. २७ मे रोजी संसदेत वाजपेयी सरकारने प्रथम वापर न करण्याच्या कराराची तयारी दाखवली. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानच्या अणुचाचण्यांनी चागईचा डोंगर हादरला. भारताचं पारंपरिक सैन्यबळ मोठं, त्यामुळे पाकिस्तानला असं वचन परवडणारं नव्हतं. ते त्याने आजवर दिलेलं नाही.

पुढचा टप्पा १७ ऑगस्ट १९९९ चा. कारगिल नुकतंच संपलं होतं, सरकार काळजीवाहू होतं. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचा अण्वस्त्र धोरणाचा मसुदा तेव्हा जाहीर झाला. त्यात प्रतिहल्ल्यासाठी शब्द होता ‘दंडात्मक’.

४ जानेवारी २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने धोरणावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा त्या जागी ‘प्रचंड’ आला. संसदेवरचा हल्ला आणि त्यानंतर सीमेवर महिनोन्‌महिने समोरासमोर उभं राहिलेलं सैन्य, हे सगळं मधल्या काळात घडून गेलं होतं. निर्णयाचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेकडे ठेवला गेला. अण्वस्त्रं नसलेल्या देशांवर ती वापरणार नाही, असंही समितीच्या निर्णयाच्या टिपणात आहे. आणि लगेच ‘तथापि’ येतं: भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर जैविक वा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय खुला राहील. माझ्या मते ‘पहिला वार नाही’ या वचनाला खरा अपवाद इथे आहे, आणि चर्चेत नेमका तोच निसटतो.

नंतरचा गाजावाजा बराचसा वक्तव्यांचा. २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर म्हणाले, स्वतःला बांधून का घ्यायचं? मग ते वैयक्तिक मत ठरलं. १६ ऑगस्ट २०१९ रोजी संरक्षणमंत्री म्हणून राजनाथ सिंह पोखरणमध्येच बोलले: आजवर धोरण हेच, पुढचं परिस्थितीवर अवलंबून. २००३ चं टिपण मात्र ‘तथापि’सकट कायम आहे.