ठिपक्यांच्या मंडलामागचा इतिहास

काळ्या रंगाची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) चकती, अ‍ॅक्रिलिक रंगांच्या छोट्या बाटल्या आणि गोल टोकांच्या लहान-मोठ्या दांड्या. डॉट मंडलाला, म्हणजे ठिपक्यांनी भरलेल्या गोल, समतोल नक्षीला, एवढंच सामान लागतं. या छंदाची ओळख करून देताना 'हजारो वर्षांची भारतीय कला' असं बरेचदा सांगितलं जातं. मंडल जुनं आहे, यात शंका नाही. पण ठिपक्यांनी मंडल रंगवायचा हा छंद गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुजला, आणि त्यातल्या ठिपक्यांचं ऋण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाकडे जातं. ते ऋण सांगितलं जात नाही, म्हणून हा इतिहास मांडावासा वाटला.

जुनं मंडल पाहायचं तर वेरूळला जावं. तिथल्या १२ क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात, म्हणजे 'तीन ताल' लेण्यात, भिंतीवर नऊ चौकटींचं मंडल कोरलं आहे. मधल्या चौकटीत बुद्ध आणि भोवतीच्या आठ चौकटींत आठ बोधिसत्त्व. साधारण आठव्या शतकातलं हे काम. त्यात वर्तुळ नाही, पाकळ्या नाहीत. कोणती देवता कुठे, हे ठरवणारी ती मांडणी आहे आणि साधकानं ती ध्यानात मनापुढे उभी करायची असते. तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचं मंडल काढतात, त्यामागेही हीच साधना आहे. धातूच्या निमुळत्या नळीवर दुसरी दांडी घासून ते वाळूची बारीक धार सोडतात, आणि मंडल पूर्ण झालं की विधिपूर्वक ते मोडून वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. १९८८ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात भिक्षूंनी असं कालचक्र मंडल लोकांसमोर काढलं आणि पाश्चात्त्य प्रेक्षकांना ही कला प्रत्यक्ष घडताना दिसली.

'मन शांत करण्यासाठी मंडल' हा आजचा अर्थ मात्र मठांपेक्षा कार्ल युंग यांच्याकडून जास्त आला आहे. या स्विस मानसशास्त्रज्ञानं पहिलं मंडल १९१६ मध्ये काढलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते स्वित्झर्लंडमधल्या शातो-दे येथे नजरबंद ब्रिटिश सैनिकांच्या छावणीचे प्रमुख होते. तिथे रोज सकाळी वहीत एक छोटं गोलाकार चित्र काढायचं आणि त्यात आपल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा माग घ्यायचा, असा त्यांचा क्रम होता. पुढे त्यांनी रुग्णांच्या चित्रांतही हा आकार शोधला आणि मंडल उपचारांच्या भाषेत आलं.

त्याचा उपयोग खरोखर होतो का, हे अमेरिकेत २००५ साली करी आणि कॅसर या संशोधकांनी तपासलं. ८४ विद्यार्थ्यांना आधी भीतीचा एखादा प्रसंग आठवून लिहायला लावला. मग काहींना मंडल, काहींना चौकड्यांची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. मंडलवाल्यांची चिंता उतरली, चौकड्यांवाल्यांचीही तेवढीच उतरली, कोऱ्या कागदावाल्यांची उतरली नाही. २०१२ मधल्या दुसऱ्या अभ्यासात मंडल चौकड्यांपेक्षा सरस ठरलं. मला यातला कोऱ्या कागदाचा निकाल सर्वांत बोलका वाटतो. पुढे काय करायचं ते ठरलेलं असलं आणि हात मात्र गुंतलेला राहिला, की मनाला विसावा मिळतो. 'मला चित्रकला येत नाही' म्हणणाऱ्यांना हा छंद का जमतो, ते यावरून कळतं.

आता ठिपका. मध्य ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. पिंटुपी, लुरित्जा, वार्लपिरी अशा वेगवेगळ्या आदिवासी समाजांना सरकारनं तिथे एकत्र आणून वसवलं होतं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हे चित्रकलेचे शिक्षक तिथल्या शाळेत आले. मुलं वाळूत नक्षी काढतात हे त्यांनी पाहिलं आणि ती नक्षी शाळेच्या भिंतीवर यावी म्हणून प्रोत्साहन दिलं. भिंत रंगवायला जाणती माणसं पुढे आली, आणि मधमुंगीच्या पुराकथेचं मोठं चित्र उभं राहिलं. तोवर हे आकार जमिनीवर आणि विधीच्या वेळी अंगावर काढले जात. आता ते फळ्यांवर आणि पुढे कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक रंगांत उतरले. १९७२ मध्ये चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची 'पापुन्या तुला' ही संस्था काढली. शाळेच्या भिंतीवर मात्र १९७४ मध्ये रंग फासण्यात आला आणि ते पहिलं चित्र नाहीसं झालं.

या चित्रांतली एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा पवित्र स्थळ. सुरुवातीच्या फळ्यांवर काही गुप्त विधींच्या खुणा उघड दिसत होत्या, आणि त्या बाहेरच्यांनी पाहाव्यात हे समाजातल्या ज्येष्ठांना मान्य नव्हतं. मग चित्रकारांनी त्या खुणा वगळल्या किंवा ठिपक्यांच्या दाट थरांखाली झाकल्या. आपण जिला नुसती सजावट समजतो, त्या ठिपक्यांकडे राखणीचं काम होतं. २००७ साली याच चित्रकारांपैकी क्लिफर्ड पॉसम यांचं १९७७ मधलं एक चित्र २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकलं गेलं, तेव्हा ही शैली जगभर पोचलेली होती.

मंडल आणि ठिपका यांची गाठ समाजमाध्यमांच्या काळात पक्की झाली. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि कॅनडात काम करणाऱ्या एल्स्पेथ मॅक्लीन यांचे समुद्रकाठच्या गोट्यांवर रंगवलेले ठिपक्यांचे मंडल २०१४ च्या आसपास खूप पाहिले गेले. नखं सजवण्याच्या दांड्या सहज मिळत होत्याच. दांडी एकदा रंगात बुडवली की टेकवत जाताना प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा लहान उमटतो. मोठ्या ठिपक्याभोवती उतरत जाणारी मण्यांची माळ याच साध्या गुणातून तयार होते.

आपली ठिपक्यांची रांगोळी याच घरातली वाटते, पण तिचा मार्ग वेगळा आहे. उदबत्तीनं भोकं पाडलेल्या कागदावरून रांगोळी फिरवून ठिपके उमटवायचे आणि मग ते जोडायचे. तिथे ठिपका रेषेला आधार देतो आणि नक्षी पुरी झाली की तिच्यात मिसळून जातो. ठिपक्यांनीच चित्र भरायची परंपरा जवळपास शोधायची, तर ती भिल्ल चित्रकलेत आहे. झाबुआच्या भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत असताना चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी त्यांना कागदावर चित्रं काढायला सांगितलं. २०२१ मध्ये भुरीबाईंना पद्मश्री मिळाली. ठिपके शिकवणाऱ्यांनी त्यांची चित्रं एकदा तरी दाखवावीत.

अशा वस्तूंना आदिवासी कलेचं नाव लावायचं का, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात न्यायालयापर्यंत गेला आहे. इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि इतर वस्तू एका कंपनीनं आदिवासींनी हातानं रंगवल्याचा समज होईल अशा तऱ्हेनं विकल्या. २०१९ मध्ये तिला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. स्वतःच्या टेबलावर बसून ठिपके देणाऱ्याला त्यामुळे काही अडत नाही. मात्र प्रदर्शनात किंवा विक्रीला चकती ठेवताना तिच्यावर 'अ‍ॅबोरिजिनल आर्ट' असं लिहू नये, आणि पापुन्याची प्रतीकं उचलून आपल्या नक्षीत बसवू नयेत. शिकवताना सुरुवातीची पाच मिनिटं पापुन्याला दिली, तर शिकणाऱ्यांना हातातल्या ठिपक्याची खरी ओळख होईल.