लघुशब्द व उद्गार (नागपूर परिसर)

लघुशब्द व उद्गार : होकार, नकार, आर्जव, आश्चर्य किंवा जवळीक सांगणारे एक-दोन अक्षरी शब्द. मराठी व्याकरणात यांतले बरेचसे केवलप्रयोगी अव्ययांत मोडतात. ‘ना’, ‘की’, ‘का’ मात्र वाक्यागणिक जात बदलतात. शब्द जितका आखूड, तितका त्याचा उच्चार परभाषेतल्या एखाद्या शब्दाशी जुळण्याचा संभव जास्त. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते आणि १९५६ पर्यंत हिंदीभाषक मुलखासोबत एकाच राज्यात राहिले. इथल्या मराठी माणसाच्या कानाला दोन्ही भाषांची सवय आहे, म्हणून अशा जुळण्या इथे ठळक दिसतात.

सर्वांत बोलके उदाहरण ‘हाव’ हे. नागपुरी-वऱ्हाडीत त्याचा अर्थ ‘हो’. ‘येतं का?’ ‘हाव ना!’ प्रमाण मराठीत मात्र हाव म्हणजे लोभ, जी माणसाला सुटते. कोकणीत ‘हांव’ म्हणजे ‘मी’. पुण्याहून नव्याने आलेल्या माणसाला ‘हाव’ पहिल्यांदा खटकतो, पण मान हलताना दिसली की अर्थ लगेच कळतो. ‘हाव बाप्पा’ म्हटले की त्याच होकारात कौतुक, कंटाळा किंवा अचंबा मिसळतो. तो कोणता, हे फक्त सूर सांगतो, आणि लेखी कोशाला नेमके हेच पकडता येत नाही.

‘बे’ची गंमत वेगळी. ‘बे एके बे’ या पाढ्यातला ‘बे’ प्राकृतातून आलेला, अर्थ दोन. गुजरातीत तो आजही रोजचा अंक आहे. ‘बेघर’, ‘बेकार’ यांतला ‘बे’ फारसी, अर्थ ‘विना’. आणि ‘काय करून रायला बे?’ यातला ‘बे’ हिंदीतल्या ‘अबे’चा सोबती. हा तिसरा ‘बे’ बरोबरीच्या मित्रात मायेचा असतो. वडीलधाऱ्यांपुढे तोच उद्धटपणा ठरतो. तिथे ‘भाऊ’, ‘काका’ लागतात. पुरुषाला ‘गा’ आणि बाईला ‘वं’ ही संबोधनेही विदर्भाची. ‘गा’ जुन्या मराठीत सर्रास आढळतो; हिंदीत तो ‘गाणे गा’ अशी आज्ञा होतो.

‘ना’ वाक्याच्या शेवटी आला तर मराठीत आणि हिंदीतही विनवणी किंवा दुजोरा: ‘चल ना’, ‘चलो ना’. हिंदीत एकटाच उच्चारला तर नकार. जपानीत वाक्याच्या शेवटचा ‘ने’ जवळपास आपल्या ‘ना’सारखाच दुजोरा मागतो, तर ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे चक्क ‘हो’. मराठीची ‘आई’ हिंदीत ‘आली’ होते. मराठीचा ‘मी’ तेलुगूत ‘तुमचा’ होतो.

सगळे उद्गार असे भाषेगणिक फिरत नाहीत. नीट ऐकू न आल्यावर तोंडून निघणारा ‘अं?’ बहुतेक भाषांत एकमेकांशी विलक्षण जुळतो. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१ भाषा पाहिल्या आणि त्यांतल्या १० भाषांतले उच्चार बारकाईने तपासले. त्यांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे: संभाषण तुटू न देता, जीभ फारशी न हलवता, झटकन काढता येईल असा प्रश्नार्थक आवाज प्रत्येक भाषेला लागतो, आणि ती गरज सगळ्यांना एकाच आवाजाकडे नेते.