पूयवक्षावरील शस्त्रक्रिया

पूयवक्ष म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या परिफुप्फुस पोकळीत पू साठणे. न्यूमोनिया, क्षयरोग, छातीची जखम, अन्ननलिका फाटणे व छातीवरील आधीची शस्त्रक्रिया ही त्याची प्रमुख कारणे. भारतात क्षयरोगाचा वाटा मोठा आहे. उपचारात पू पूर्ण काढावा लागतो आणि रिकामी झालेली जागा फुप्फुसाने भरून यावी लागते. जागा रिकामी राहिली, तर पू पुन्हा साठतो.

इतिहास : हिप्पॉक्रेटीसच्या नावावरील ग्रीक संग्रहात (इ. स. पू. सुमारे पाचवे-चौथे शतक, त्यातील सर्व भाग त्याचेच असावेत असे अभ्यासक मानत नाहीत) बरगड्यांमध्ये छेद घेऊन वा बरगडीला भोक पाडून पू काढणे, मद्य व तेल आत सोडणे आणि कथलाची पोकळ नळी बसवणे यांचे वर्णन आहे.

बंद निचऱ्याच्या, म्हणजे छातीतील नळीचे बाहेरचे टोक पाण्यात बुडवून हवा आत न जाऊ देता पू काढण्याच्या पद्धतीच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. जर्मन परंपरा ते हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाव यांना देते. आपण ही पद्धत १८७५ पासून वापरत असल्याचे त्यांनी नमूद केले. तथापि त्यांचा निबंध १८९१ मधील आहे. ब्रिटनमध्ये प्लेफेअर यांचा रुग्णवृत्तान्त १८७५ मध्ये, तर ह्यूइट यांचा लेख १८७६ मध्ये छापला गेला. छापील पुरावा पाहता ब्रिटिश नोंदी आधीच्या ठरतात. पद्धतीचा प्रसार मात्र ब्यूलाव यांच्या नावाने झाला. फुप्फुसावर जमलेला जाड थर (साल) सोलण्याच्या शस्त्रक्रियेबाबतही असाच वाद आहे : अमेरिकेतील फाउलर यांनी ती १८९३ मध्ये केली, फ्रान्सच्या देलोर्म यांचे निवेदन १८९४ चे असले, तरी ‘डिकॉर्टिकेशन’ हे नाव त्यांचे मानतात.

१९१८ च्या सुमारास अमेरिकी लष्करी छावण्यांत पूयवक्षाचे मृत्युप्रमाण सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास होते. द्रव पातळ असताना आणि फुप्फुस छातीला चिकटलेले नसतानाच छाती उघडली जाई. हवा आत शिरून फुप्फुस दबे. अमेरिकी शल्यचिकित्सक एव्हर्ट्स ग्रॅहम ज्यात होते त्या लष्करी आयोगाने सुरुवातीस बंद निचरा, पोकळी लवकर निर्जंतुक करून बुजवणे आणि सकस आहार यांचा आग्रह धरला. मृत्यू झपाट्याने घटले. आजच्या उपचाराचा पाया हाच आहे.

नळी टाकणे : नळी बहुधा चौथ्या वा पाचव्या आंतरपर्शुक (दोन बरगड्यांमधील) जागेत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे टाकतात. पू कप्प्यांत अडकला असल्यास जागा सोनोग्राफीने ठरवावी. छेद बरगडीच्या वरच्या कडेलगत घेतात, कारण रक्तवाहिन्या व चेता खालच्या कडेने जातात. नळीचे बाहेरचे टोक बाटलीतील पाण्याखाली सुमारे २ सेंमी. असावे. बाटली छातीपेक्षा वर उचलल्यास पाणी आत ओढले जाते. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावल्यास हवा कोंडते. एका वेळी साधारण दीड लिटरहून अधिक द्रव काढल्यास अचानक फुगलेल्या फुप्फुसात पाणी भरू शकते.

पुढील अवस्था : रोगाच्या पहिल्या अवस्थेत द्रव पातळ असतो, दुसरीत फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या तंतुमय प्रथिनाचे) पडदे कप्पे करतात, तिसरीत जाड साल फुप्फुस जखडते. दुसऱ्या अवस्थेत दुर्बिणीने कप्पे मोडून पू धुऊन काढता येतो. नळीतून टीपीए (फायब्रिन विरघळवणारे औषध) व डीएनेज (पू पातळ करणारे विकर) सोडणे हाही पर्याय आहे. तिसऱ्या अवस्थेत नळी अपुरी पडते. अनेक रुग्णांवर मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येते ती निचऱ्यातील दिरंगाईमुळे.

डिकॉर्टिकेशनमध्ये छाती उघडून साल सोलतात. भूलतज्ज्ञाने फुप्फुस हलके फुगवून धरल्यास साल व फुप्फुसावरण यांमधील थर सापडतो. थर चुकल्यास फुप्फुस फाटून हवा गळत राहते. रक्तस्राव आणि मध्यपटलचेतेची (श्वासपटल हलवणाऱ्या चेतेची) इजा हे इतर धोके. सालीखालचे फुप्फुस नष्ट झालेले असल्यास साल काढून उपयोग होत नाही, म्हणून आधी सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. क्षयजन्य पूयवक्षात, तातडी नसल्यास, काही आठवडे क्षयरोगविरोधी औषधे देऊन मगच शस्त्रक्रिया करतात.

पूची पोकळी व श्वासनलिका यांना जोडणारे भगंदर (छिद्रमार्ग) असल्यास रुग्णाला निरोगी बाजूवर झोपवू नये. पू दुसऱ्या फुप्फुसात उतरतो. अशा वा अशक्त रुग्णात बरगड्यांचे तुकडे काढून छातीला खिडकी ठेवतात व रोज मलमपट्टी करतात. पोकळी स्वच्छ झाल्यावर ती स्नायूंनी भरतात किंवा बरगड्या काढून छातीची भिंत आत बसवतात.