ऊर्जा व पर्यावरण अध्यापकवर्ग : शैक्षणिक व व्यावसायिक पूर्वपीठिका

भारतीय विद्यापीठांत व तंत्रशिक्षण संस्थांत ऊर्जा आणि पर्यावरण या विषयांचे अध्यापन व संशोधन करणाऱ्यांच्या आरंभीच्या पिढ्या बहुतांशी अन्य विद्याशाखांतून आल्या. वनस्पतिशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी, भौतिकी, रसायनशास्त्र आणि यंत्र अभियांत्रिकी या त्यांतील प्रमुख शाखा होत. याच विषयांची पदव्युत्तर पदवी घेऊन थेट अध्यापक झालेला वर्ग त्यामानाने अलीकडचा आहे. पर्यावरणात तो ठळक दिसतो, ऊर्जेत कमी.

पर्यावरणाच्या बाजूला दोन जुने प्रवाह आहेत. पहिला वनस्पतिशास्त्राचा. बनारस हिंदू विद्यापीठातील रामदेव मिश्र यांनी इंग्लंडमधील लीड्स येथे वनस्पतिशास्त्रज्ञ पिअर्सल यांच्या हाताखाली परिस्थितिविज्ञानाचे (सजीव व त्यांचा परिसर यांच्या संबंधांचे शास्त्र, इकॉलॉजी) शिक्षण घेतले आणि परतल्यावर हा विषय भारतीय वनस्पतिशास्त्र विभागांत रुजवला. दुसरा प्रवाह अभियंत्यांचा. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था (१९३२) आणि नागपूरची केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था (१९५८, १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, ‘नीरी’) ही त्याची महत्त्वाची केंद्रे. पाणीपुरवठा आणि मैलापाणी हे त्यांचे मूळ काम. ‘पर्यावरण अभियांत्रिकी’ हे नाव मागाहून आले. स्थापत्य विभागांतील पर्यावरणाचे अध्यापक बव्हंशी याच परंपरेतले.

पूर्वपीठिकेचा ठसा मोजमापावर उमटतो. वनस्पतिशास्त्रज्ञ नदीकाठी गेला की शैवाले आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव) पाहतो. अभियंता जैवरासायनिक प्राणवायू मागणी (बीओडी), म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात ते, काढतो. या चाचणीचा पाच दिवसांचा कालावधी ब्रिटनमधील सांडपाणी आयोगाच्या १९१२ च्या अहवालाकडे नेता येतो. तेथील नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे २० अंश सेल्सिअस आणि पाच दिवस हे प्रमाण रूढ झाले. भारतीय मानकाने २७ अंश आणि तीन दिवस स्वीकारले, ते येथील हवामानाला धरूनच झाले. आरोग्य अभियांत्रिकीतून आलेल्या अध्यापकाला हा बदल मुळातून ठाऊक असतो. अन्य शाखांतून आलेल्याला तो बहुधा प्रयोगवहीतील एक सूचना म्हणून भेटतो.

ऊर्जा अभ्यासाच्या उगमाबद्दल एकमत नाही. १९७३ च्या तेलसंकटाने भौतिकशास्त्रज्ञांना या क्षेत्राकडे वळवले, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे आणि त्याला आधारही आहे. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी यांचे विद्यार्थी आर्थर रोझेनफेल्ड हे अमेरिकेतील बर्कले येथील कणभौतिकीतज्ज्ञ तेलसंकटानंतरच ऊर्जाबचतीकडे वळले. भारतातही दिल्लीच्या आयआयटीतील ऊर्जा अभ्यास केंद्र १९७६ चे. तथापि अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा पर्यावरण अभ्यासाचा उपक्रम तेलसंकटापूर्वीचा असून मूळचे कणभौतिकीतील रॉबर्ट सोकोलो १९७१ मध्येच त्यात दाखल झाले होते. याच गटाने न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीत एकसारख्या बांधणीच्या घरांचा इंधनवापर मोजला. राहणाऱ्यांच्या सवयींमुळे तो दुपटीहून अधिक बदलतो, असे आढळले. तेलसंकटाने निधी आणि पदे आणली, माणसे मात्र आधीपासून वळू लागली होती, हे दुसरे मत तारखांशी अधिक जुळते.

भारतीय उदाहरण या दुसऱ्या मताला पुष्टी देते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला. त्याचे प्रवर्तक अमूल्य रेड्डी (१९३०–२००६) हे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ; बोक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेले त्या विषयाचे पाठ्यपुस्तक जगभर वापरात होते. गटाची स्थापना तेलसंकटानंतरची असली, तरी तिचा रोख तेलावर नव्हता. संस्थेतील विज्ञान खेड्याच्या कामाचे कसे होईल, हा मूळ प्रश्न होता. चूल, मातीच्या विटा, गोबर वायू ही कामे त्यातून आली. तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावचा सामुदायिक गोबर वायू संयंत्राचा प्रयोग विशेष गाजला. तेथे वायू प्रथम स्वयंपाकासाठी द्यायचा होता, पण सर्व घरांना पुरेल एवढे शेण जमेना. तेव्हा १९८७ च्या सुमारास वायूवर व थोड्या डिझेलवर इंजिन चालवून पिण्याचे पाणी उपसणे आणि दिवे लावणे सुरू झाले. शेण आणून देणाऱ्यांना मोबदला मिळे आणि पचलेली मळी खत म्हणून परत मिळे. गावाची गरज कोणती, हे प्रयोगशाळेने नव्हे तर गावाने ठरवले. रेड्डींच्या पुढील लेखनातील ‘अंतिम उपयोगापासून सुरुवात’ (ऊर्जा किती पुरवायची याआधी ती कशासाठी हवी, हे पाहणे) हे सूत्र या अनुभवाशी सुसंगत आहे.

रेड्डी, ब्राझीलचे जोसे गोल्डेम्बर्ग, स्वीडनचे थॉमस योहान्सन आणि अमेरिकेचे रॉबर्ट विल्यम्स यांनी ऊर्जेच्या प्रश्नावर मिळून काम केले. चौघांपैकी रेड्डी सोडता तिघे भौतिकीचे. कार्यक्षम साधने वापरल्यास दरडोई सुमारे एक किलोवॉटमध्ये १९७० च्या दशकातील पश्चिम युरोपसारखे राहणीमान शक्य आहे, असे त्यांनी १९८५ मध्ये मांडले. चौघांना २००० सालचे व्होल्वो पर्यावरण पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राशी संबंधित नावांत माधव गाडगीळ (पुण्यात जीवशास्त्र, मुंबईत प्राणिशास्त्र, हार्वर्डमध्ये गणिती परिस्थितिविज्ञान) आणि उपयोजित गणितातून मॉन्सूनकडे आलेल्या सुलोचना गाडगीळ ही प्रमुख होत. दोघांचेही कार्यक्षेत्र बंगळूर. मुंबईत जन्मलेले अशोक गाडगीळ हे भौतिकीतून, रोझेनफेल्ड यांच्याच हाताखाली, या क्षेत्रात आले आणि बर्कलेत स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करण्याच्या त्यांच्या उपकरणामागे १९९३ ची कॉलऱ्याची साथ होती. बंगळूरचे एच. एस. मुकुंद यांनी अग्निबाणातील ज्वलनाचे ज्ञान काडीकचऱ्यापासून वायू करण्याच्या भट्टीत वापरले.

पदवी स्तरावरचे चित्र वेगळे आहे. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे सर्व शाखांना सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले ते पुण्याचे एराक भरुचा यांनी. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक. महाविद्यालयांत हा विषय ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्याकडे, म्हणजे भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि प्रसंगी भाषा विषयांच्या अध्यापकाकडे किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडे जाण्याची प्रथा सर्वपरिचित आहे.

नेमणुकीच्या नियमांनी विषयाची हद्द आखून दिली. अध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या ‘नेट’ परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची प्रश्नपत्रिका २०२१ पासून आली. मुंबईच्या आयआयटीत ऊर्जेचा स्वतंत्र विभाग २००७ चा. अशा विभागांत यंत्र, विद्युत आणि रसायन अभियंते शेजारी शेजारी बसतात. जाहिरातीतील ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांचा अर्थ छाननी समितीने लावायचा असतो, आणि तो काटेकोरपणे लावल्यास वर उल्लेखिलेल्यांपैकी कित्येकांचे अर्ज पहिल्या फेरीतच बाजूला पडले असते.

उद्योगातून थेट येणाऱ्यांसाठी अनुदान आयोगाने २०२२ मध्ये व्यवसायानुभवी प्राध्यापकाची (प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस) तरतूद केली : किमान पंधरा वर्षांचा अनुभव, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत संख्या आणि एकूण चार वर्षांपर्यंत मुदत. औपचारिक पदवीची अट त्यात नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर तयार झालेल्या प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकांना (उद्योगांतील ऊर्जावापर तपासणारे तज्ज्ञ) ही वाट खुली आहे. नियमित पदासाठी मात्र त्यांना पदवीचीच अट लागू होते.