भरावाला पाणी किती? रोलरच्या दबाईचे गणित

नवा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात खचला की लोक म्हणतात, "रोलर नीट फिरवला नाही." पुष्कळदा रोलर भरपूर फिरलेला असतो. चुकलेले असते ते पाणी.

मुरूम म्हणजे कण आणि कणांमधल्या पोकळीतले पाणी व हवा. रोलर यातली फक्त हवा हाकलतो. मुरूम कोरडा असेल तर घर्षणामुळे कण एकमेकांना अडवून धरतात. पाणी वाढवत नेले की ते घसरून पोकळीत बसू लागतात आणि घनता वाढते. एका ठरावीक ओलाव्याला ती सर्वाधिक होते. मातीची जमीन करणाऱ्या बायका हे हाताच्या अंदाजाने साधत: पाणी शिंपडायचे, मुरू द्यायचे आणि मगच धुमसाने चोपायचे.

त्या ओलाव्यापुढे घातलेले पाणी पोकळीच अडवून बसते. पाणी दाबले जात नाही, आणि चिकणमातीतून ते निसटायला महिने लागतात. रोलरचे चाक एका जागी सेकंदभरही नसते. कॅलिफोर्नियातले अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 साली मातीच्या धरणांच्या कामातून हा संबंध मोजून दाखवला. आपल्याकडे दबाईची जी 'जड' चाचणी करतात, तिच्यात 1000 घनसेंमीच्या साच्यात माती पाच थरांत भरतात आणि 4.9 किलोचा हातोडा 450 मिमीवरून प्रत्येक थरावर 25 वेळा सोडतात. ओलावा बदलत चाचणी केली की आलेखाला टेकडीसारखा आकार येतो.

समजा, टेकडीचा माथा 10 टक्के ओलाव्याला आहे आणि तिथे कोरडी घनता (पाण्याचे वजन वगळून) 2.05 ग्रॅम प्रति घनसेंमी आहे. महामार्गाच्या सबग्रेडला (वरचे थर ज्यावर बसतात त्या मातीच्या थराला) याच्या 97 टक्के, म्हणजे 1.99 घनता लागते. आता टँकरवाल्याने ओलावा 15 टक्क्यांवर नेला. कणांची सापेक्ष घनता 2.7 धरली, तर हवा पूर्ण गेली तरी कोरडी घनता 2.7 भागिले (1 + 0.15 × 2.7), म्हणजे 1.92 च्या वर जाऊच शकत नाही. मग वीस फेऱ्या मारा की दोनशे! असा थर रोलरखाली उशीसारखा हलतो. तो उकरून उन्हात वाळवणे हा नेहमीचा उपाय. कामाआधी नारळ फोडल्याने ही मर्यादा हलत नाही, आणि "आमचे रसायन घाला, रोलिंग कमी लागेल" हा दावाही याच चाचणीतून गेल्याशिवाय मान्य करू नये.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. दबाईनंतर 20 सेंमी भरणाऱ्या थरात दर चौरस मीटरला साधारण 400 किलो कोरडा मुरूम असतो. मुळात ओलावा 4 टक्के असेल तर आणखी 6 टक्के, म्हणजे 24 लिटर पाणी लागेल. 7 मीटर रुंद, 100 मीटर लांब पट्ट्याला 16,800 लिटर, आणि उन्हाळ्यात उडून जाणारे वेगळे. जागेवरची परीक्षा मुठीत होते: गोळा वळला पाहिजे आणि दाबल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी, तळहात ओला झाला तर जास्त.

व्हायब्रेटरी रोलरच्या ड्रममध्ये एका बाजूला जड असलेला दंड फिरतो. सेकंदाला 30 ठोके आणि वेग ताशी 4 किमी असेल तर दर 37 मिमीला एक ठोका बसतो. वेग दुप्पट केला की ठोके विरळ होतात.

डांबरी थरात पाण्याची जागा तापमान घेते. व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचा माल किमान 140 अंशांना पसरावा आणि 90 अंशांच्या आत निवण्यापूर्वी दबाई संपवावी. निम्म्या जाडीचा थर निम्म्याहूनही कमी वेळात निवतो, त्यामुळे पातळ थरावर रोलर फिनिशरच्या (माल पसरणाऱ्या यंत्राच्या) पाठीलाच लागलेला हवा. चाकाला माल चिकटू नये म्हणून काही जण डिझेल लावतात. डिझेल डांबर विरघळवते आणि त्या पट्ट्यातली खडी सुटू लागते. ड्रमवर पाण्याचा बारीक फवारा पुरतो. धार सोडली तर थर वेळेआधीच निवतो.