‘केवळ विश्वासाने तारण’ म्हणजे आज्ञापालनातून सुटका नव्हे

सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी ‘केवळ विश्वासाने तारण’ (तारण म्हणजे पापापासून सुटका) असे सांगून ख्रिस्ती माणसाला आज्ञापालनातून मोकळे केले, हा समज ते हयात असल्यापासून चालत आला आहे. त्याला निमित्तही त्यांनीच दिले. 1522 च्या आपल्या नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) जर्मन भाषांतरात त्यांनी रोमकरांस पत्राच्या 3:28 मध्ये मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला आणि कृतींवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला वाळल्या गवताची उपमा दिली. टीकाकारांना एवढे पुरेसे होते.

मात्र रोमकरांस पत्राला त्यांनी जोडलेल्या प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत, सतत कार्यरत गोष्ट आहे आणि अग्नीपासून जशी उष्णता व प्रकाश, तशीच विश्वासापासून सत्कृत्ये वेगळी काढता येत नाहीत, असे म्हटले आहे. पुढे योहान आग्रिकोला या त्यांच्याच सहकाऱ्याने ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्राचा (बायबलमधील देवाच्या आज्ञांचा) उपदेश नको असे मांडले, तेव्हा 1530 च्या दशकाच्या अखेरीस ल्यूथर त्याच्याविरुद्ध जाहीरपणे उभे राहिले.

प्रश्न विश्वास आणि कृती यांच्या क्रमाचा होता. इफिसकरांस पत्राच्या 2:8-10 मध्ये तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, असे सांगून लगेच आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असे म्हटले आहे. म्हणजे आज्ञापालन हे तारणाचे मोल नसून त्याचे फळ आहे. 1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे लूथरन (ल्यूथर यांची परंपरा मानणाऱ्या) आणि कॅथलिक चर्चच्या प्रतिनिधींनी सही केलेल्या संयुक्त घोषणापत्रातही साधारण हाच क्रम आहे.